भोकातली धूळ

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुणाच्या घरावर मजला चढणार असला, की शेजाऱ्यांना त्याची वर्दी ड्रिलच्या आवाजाने मिळते. पाठोपाठ येते धूळ. करडी, पिठासारखी मऊ, अरुंद बोळातून सहज पलीकडच्या गच्चीवर जाणारी. उन्हाळ्याचे दिवस असले तर तिकडच्या कुरडया घाईघाईने आत जातात आणि दोन घरांत थोडी बोलाचालीही होते. ही धूळ सगळ्यांना दिसते. न दिसणारी धूळ वेगळी. ड्रिलचा बिट बाहेर काढल्यावर ती भोकातच मागे राहते. त्या भोकात सळई बसणार, सळईच्या भरवशावर नवा कॉलम उभा राहणार, कॉलमवर स्लॅब आणि स्लॅबवर पाण्याची टाकी. आता ती सळई आत काँक्रीटला धरून बसली आहे की धुळीला, हे बाहेरून कोण सांगणार?

सांगता येतं. सळई ओढून पाहावी लागते. बांधकामाच्या भाषेत याला पुलआउट टेस्ट म्हणतात. मोठ्या पुलांवर, मेट्रोच्या कामांवर ही चाचणी रोजची झाली आहे. पेठेतल्या घरावर ती क्वचित होते, आणि झालीच तर बहुधा कुणीतरी अहवालाचा कागद मागितला म्हणून होते.

पेठेची जागा काही वाढत नाही. त्यामुळे बाळीवेस, टिळक चौक, मधला मारुती या सगळ्या जुन्या सोलापुरात घरं वरच्या दिशेने वाढली. माळवदाचे वाडे उतरले, त्यांच्या जागी स्लॅबची घरं आली. ‘पुढेमागे मजला चढवू’ म्हणून कॉलमच्या सळ्या गच्चीवर उघड्या ठेवल्या गेल्या, पावसाने गंजल्या, कुणी अडचण होते म्हणून कापूनही टाकल्या. वीस-पंचवीस वर्षांनी मुलं मोठी झाली, कर्ज मंजूर झालं, आणि आता त्या कॉलमला नव्या सळ्या जोडायच्या आहेत. मग जुन्या काँक्रीटमध्ये भोकं मारून, आत रसायन भरून सळ्या रोवतात. यालाच साइटवर रीबारिंग म्हणतात. मिस्त्री नुसतं ‘केमिकल मारून सळई बसवली’ एवढंच सांगतो. दुकानाचा बोर्ड, जिन्याचा कठडा, लिफ्टचे रूळ, गच्चीवरची सोलर पॅनेलं, मागाची बैठक या सगळ्यांचं मूळ दुखणं तेच. तयार, घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये पोलाद मागाहून कसं धरवायचं?

प्रश्न जुना आहे. दगडात लोखंड पक्कं करायचं तर खाच पाडून, लोखंडी कडी बसवून, भोवती वितळलेलं शिसं ओतायचं ही कारागिरांची जुनी रीत. १६६४ साली ज्याचं काम सुरू झालं त्या सिंधुदुर्गच्या पायाच्या दगडांतही शिसं ओतल्याचं सांगतात. यंत्रांचा जमाना आला तेव्हा काँक्रीट ओततानाच चौकोनी खड्डे राखायचे, यंत्र आणून बसवायचं, वाकड्या शेपटीचे बोल्ट त्या खड्ड्यांत सोडायचे आणि वरून पातळ माल भरायचा अशी पद्धत रुळली. सोलापूरच्या मागवाल्यांना ‘पॉकेट’ आणि ‘फाउंडेशन बोल्ट’ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. धोटा दर फेकीला माग हलवतो. बोल्ट ढिला झाला तर पहिल्यांदा जमिनीचा आवाज बदलतो, कापडातला दोष त्यानंतर येतो.

तयार भिंतीत झटपट काही बसवायची सोय मात्र एका संग्रहालयामुळे झाली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवायची होती, पण भिंतींची नासधूस चालणार नव्हती. ते काम घेतलेल्या जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराने तागाच्या धाग्यांची चिकटवलेली पोकळ गुल्ली तयार केली आणि १९११ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. भोकात गुल्ली, गुल्लीत स्क्रू. स्क्रू आवळला की गुल्ली फुगते आणि भिंतीला आतून दाबते. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात आजही मागतात तो ‘रावल प्लग’ या रॉलिंग्जचा. नावावरून तो कुणी गुजराती कारखानदार असावा असं वाटतं, पण नाही. पुढे १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा प्लग आणला. या गृहस्थांच्या नावावर हजाराहून जास्त पेटंटं होती.

आज बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. पहिली फुगणाऱ्या बोल्टची. नट आवळला की बोल्टाचं शंकूसारखं टोक वर सरकतं, त्याभोवतालची पत्र्याची बाही पसरते आणि भोकाच्या भिंतीला घट्ट दाबते. दुसरी रसायनाची. त्यात दोन कप्प्यांची नळी असते, तिच्या तोंडाशी मळसूत्री नळकांडं असतं, त्यातून जाताना राळ आणि ते घट्ट करणारं द्रव्य मिसळतं आणि भोकात सळईभोवती दगडासारखं जमतं. फुगणारा बोल्ट घर्षणावर उभा असतो, रसायनवाला चिकटण्यावर. दोघांचाही शत्रू एकच, धूळ.

पण धुळीकडे वळण्याआधी काँक्रीट कसं हार मानतं ते पाहायला हवं. बोल्ट ओढत गेलो तर बोल्ट तुटेल, अशी आपली साधी समजूत असते. उथळ बोल्टाच्या बाबतीत बहुधा तसं होत नाही. बोल्ट शाबूत राहतो आणि त्याच्याभोवतीच्या काँक्रीटचा उलट्या फनेलसारखा तुकडा उचकटून बाहेर येतो. बोल्टाच्या खालच्या टोकापासून तिरकी चीर निघते ती पृष्ठभागावर पसरत येते. चिरेचा उतार पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांचा असतो. म्हणजे बोल्ट जेवढा खोल, त्याच्या तिप्पट व्यासाची खपली वर निघते. जर्मनीतल्या स्टुटगार्ट विद्यापीठात रोल्फ एलिगेहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा असंख्य चाचण्या केल्या. त्यांतून निघालेली आकडेमोडीची पद्धत १९९५ मध्ये अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात आली आणि जगभरच्या नियमावल्यांचा पाया झाली. सार असं: शंकूची ताकद खोलीच्या दीड घाताने वाढते. खोली दुप्पट केली तर ताकद दुपटीवर थांबत नाही, २.८ पट होते.

हे आकड्यांत घालून पाहू. १२ मि.मी. जाडीचा, चांगल्या प्रतीच्या पोलादाचा बोल्ट. तो तोडायला सुमारे ६७ किलोन्यूटन लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेसात टन. तोच बोल्ट एम-२० प्रतीच्या काँक्रीटमध्ये ७० मि.मी. खोल बसवला तर काँक्रीटची खपली साधारण २६ किलोन्यूटनलाच, अडीच टनाच्या आसपास निघते. पोलादाची निम्म्याहून जास्त ताकद वापराविना राहिली. नेमकी त्या जागी स्लॅबला चीर असेल तर आणखी सुमारे ३० टक्के वजा, उरले १८. (सुरक्षेचे गुणक लावल्यावर वापरायला मिळतो तो भार याहून बराच कमी.) खोली १४० मि.मी. केली तर काँक्रीट बोल्टापेक्षा वरचढ ठरेल. पण घरगुती स्लॅब असतो पाच इंची. तेवढं भोक खालच्या खोलीतल्या पंख्यापाशी निघेल.

आणि आपल्याकडे खोली मोजतात कुठून? वरून. भिंतीवर २० मि.मी. गिलावा असला तर ७० मि.मी.च्या भोकातले ५० मि.मी.च काँक्रीटमध्ये असतात. वर सांगितलेल्या हिशेबाने ताकद तिथेच ४० टक्क्यांनी घसरली. गच्चीवर तर याहून गंमत होते. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा घातलेला असतो. सोलर पॅनेलच्या पायांना वरून मारलेलं तीन-चार इंची भोक पुष्कळदा कोब्यातच संपतं. म्हणजे पॅनेल अडकलं विटांच्या तुकड्यांना. वारा पॅनेलला वर उचलतो, बोल्टाला सरळ उपटायला बघतो, आणि खाली त्याला धरणारं काँक्रीट दोन बोटं पलीकडेच राहिलेलं असतं. घरमालकाची काळजी मात्र वेगळीच असते: भोक मारल्याने स्लॅब गळणार तर नाही ना? त्या काळजीपोटी काही जण भोकं न मारता काँक्रीटचे जड ठोकळे ठेवून त्यांवर पॅनेलं उभी करतात. वजनाचा हिशेब नीट केलेला असेल तर ही युक्ती वाईट नाही.

काठाची गोष्टही तशीच. खपलीला पूर्ण पसरायला खोलीच्या दीडपट अंतर सगळीकडून लागतं. ७० मि.मी. खोलीला १०५ मि.मी., म्हणजे चार इंचांहून थोडं जास्त. बोर्ड लावणारे पोरगे पॅरापेटच्या कडेपासून दोन इंचांवर भोक मारतात, कारण पट्टीला भोक तिथेच पाडलेलं असतं. फुगणारा बोल्ट तर आवळतानाच कड फोडतो. मग तिथे सिमेंट थापून बोर्ड वर जातो.

आता धूळ. रसायनाने सळई बसवायची पुस्तकी रीत सोपी आहे. भोक सळईपेक्षा थोडं मोठं मारायचं, १२ मि.मी.च्या सळईला साधारण १६ मि.मी.चं. मग तळापासून हवा मारायची, तारेचा गोल ब्रश आतबाहेर फिरवायचा, पुन्हा हवा, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. किती वेळा ते कंपनीच्या कागदावर छापलेलं असतं. नळीतून आलेलं पहिलं रसायन फेकून द्यायचं, कारण ते नीट मिसळलेलं नसतं. रंग एकसारखा झाला की तळापासून भरत वर यायचं. भोक दोन-तृतीयांश भरलं की सळई फिरवत फिरवत आत. तोंडाशी थोडं रसायन बाहेर आलं, तर आत पोकळी राहिली नाही अशी खूण. मग हात लावायचा नाही.

यातली एकच पायरी गाळली जाते, ब्रशची. फुंकर बहुतेक जण मारतात, कधी ब्लोअरने, कधी प्लास्टिकच्या नळीने तोंडाने, डोळे मिटून. पण ड्रिलच्या आघाताने भोकाच्या भिंतीवर पिठाचा थर दाबून बसलेला असतो, तो फुंकरीने हलत नाही. रसायन त्याच्यावर जमतं. धूळ न काढता बसवलेल्या काही रसायनांची पकड चाचण्यांत निम्म्याखाली आल्याची नोंद आहे. वाईट म्हणजे हे बाहेरून अजिबात कळत नाही. सळई ताठ उभी असते, हाताने हलवली तर हलत नाही, ओळंब्यात असते. अशी सळई जॅकने ओढली की गाजरासारखी सरळ बाहेर येते. तिच्याभोवती रसायनाचं नळकांडं जसंच्या तसं असतं आणि त्याच्या अंगावर करडी पावडर बोटाला लागते. रसायन इमानदारीने चिकटलेलं असतं, फक्त काँक्रीटऐवजी धुळीला.

सोलापूरच्या उन्हाचा यात स्वतंत्र वाटा आहे. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ अंशांवर जाणं नवं नाही आणि दुपारी गच्चीचं काँक्रीट हवेहून कितीतरी तापतं. झटपट जमणाऱ्या रसायनाला २० अंशांत चार-पाच मिनिटांची सवड असते, ती ४० अंशांत दोनेक मिनिटांवर येते. म्हणजे चार भोकं एकदम भरून मग सळ्या शोधायला निघालं, तर चौथ्या भोकापर्यंत रसायन आटलेलं असतं. सळई निम्मी आत जाते आणि अडते. मग हातोडी. हातोडीने ठोकून घातलेल्या सळईभोवती अर्धवट जमलेलं रसायन फाटतं आणि ते पुन्हा जुळत नाही. जाणता मिस्त्री उन्हाळ्यात हे काम सकाळी नवाच्या आत उरकतो आणि रसायनाच्या नळ्या सावलीत, ओल्या पोत्याखाली ठेवतो. ही अक्कल त्याला कागदाने दिलेली नसते.

चाचणीचं साहित्य एका टेम्पोच्या कोपऱ्यात मावतं. मधोमध आरपार पोकळी असलेला हायड्रॉलिक जॅक, हाताने दाबायचा पंप, दोघांना जोडणारी जाड रबरी नळी, दाब दाखवणारा काटा आणि एक लोखंडी तिकाटणं. सळई जॅकच्या पोकळीतून वर काढतात, वरच्या टोकाला पकड बसवतात. पंप दाबला की जॅकचा दट्ट्या वर सरकतो आणि सळईला घेऊन जाऊ पाहतो. हिशेब शाळेतला आहे: दट्ट्याचं क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर आणि काटा दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो दाखवतोय, तर ओढ २,००० किलोंची, म्हणजे दोन टन. साइटवर किलोन्यूटन कुणी बोलत नाही. ‘बारा एमएमला तीन टन मारले, हललं नाही’ असं बोलतात.

हललं नाही, हे ठरवायलाही यंत्र लागतं. सळईला टेकवलेला डायल गेज मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतची हालचाल दाखवतो. काँक्रीट आणि सळईची पकड प्रयोगशाळेत मोजण्यासाठी १९६७ पासून भारतीय मानक आहे, आयएस २७७०. त्यात काँक्रीटच्या ठोकळ्यात सळई रोवून ती ओढतात आणि ०.०२५ मि.मी. सरकली की त्या क्षणाचा भार टिपतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्मीही नाही एवढी ती हालचाल. डोळ्यांनी पाहणाऱ्याला सळई अजून जागची हललेली नसते. मानकाच्या दृष्टीने ती निघालेली असते. सोलापुरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. १९८३ पासून चालणारं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी त्यांतलं जुनं. सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना हा सगळा भाग पुस्तकातून आणि प्रयोगशाळेतून माहीत असतो. गच्चीवर तो क्वचितच पोचतो.

जॅकपेक्षाही लबाडी करायला सोपं असतं ते तिकाटणं. त्याचे पाय सळईला खेटून ठेवले, तर जॅक सळईला वर ओढतो आणि त्याच वेळी तिकाटणं भोवतालच्या काँक्रीटला खाली दाबून धरतं. मग खपली निघणार कशी? आकडा झकास येतो. ही पद्धत चुकीची नाही. नुसती रसायनाची पकड पाहायची असेल तर मुद्दाम असंच करतात. पण काँक्रीटसह सगळ्या जोडाची ताकद पाहायची तर पाय खपलीच्या वर्तुळाबाहेर हवेत, ७० मि.मी. खोलीला मधल्या बोल्टापासून चार इंचांहून दूर. अहवालात टनांचा आकडा ठळक असतो. पाय कुठे होते हे बहुधा लिहिलेलंच नसतं.

दुसरा प्रश्न, चाचणीचा बोल्ट कुणी निवडला? कंत्राटदाराने निवडला तर तो सर्वांत चांगला बसलेला, कडेपासून दूर, काल मुकादम उभा असताना मारलेला. ब्रिटनच्या २०१२ च्या नियमावलीत प्रत्यक्ष कामाच्या बोल्टांपैकी ४० मागे एक आणि काही झालं तरी किमान तीन तपासावेत, त्यांच्यावर नेहमीच्या भाराच्या दीडपट ओढ द्यावी, अशी सोय आहे. या चाचणीत बोल्ट उपटायचा नसतो; त्याने भार पेलला की तो कामात राहतो. दुसरी चाचणी उपटेपर्यंत ओढायची. ती काम सुरू होण्याआधी, त्याच जुन्या काँक्रीटच्या कमी महत्त्वाच्या भागात करतात, कारण तिथल्या मालाची खरी ताकद कुणालाच ठाऊक नसते. जुन्या घरांचं काँक्रीट ‘एकास दोनास चार’ने, घमेल्याने मोजून ओतलेलं. २००० साली सुधारलेल्या आयएस ४५६ ने आरसीसीसाठी किमान एम-२० प्रत ठरवली. त्याआधीच्या कित्येक घरांत एम-१५ आहे, आणि पाणी जास्त पडलेलं असेल तर तेवढीही नाही. कंपनीच्या पुस्तिकेतले आकडे मात्र त्याहून चांगल्या मालावर काढलेले असतात.

एवढं सगळं नीट केलं, पाय लांब ठेवले, बोल्ट चिठ्ठ्या टाकून निवडले, तरी चाचणी किती वेळ चालते? पाच-दहा मिनिटं. बोल्टाला भार वाहायचा असतो तीस-चाळीस वर्षं. या फरकाची किंमत अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने मोजली. १० जुलै २००६ च्या रात्री तिथल्या एका नव्या बोगद्याच्या छतातली काँक्रीटची जड पॅनेलं खालून जाणाऱ्या मोटारीवर कोसळली. लटकवण्याच्या लोखंडासकट सुमारे २६ अमेरिकी टन. मोटारीतल्या महिलेचा जागीच मृत्यू झाला. छत टांगलं होतं रसायनाने बसवलेल्या बोल्टांवर. चौकशीत निघालं ते असं: वापरलेली जलद जमणारी इपॉक्सी थोड्या वेळाचा भार उत्तम पेलत होती, पण सततच्या ओढीखाली ती हळूहळू ताणत जाणारी होती. गूळ उन्हात ठेवला की आकार बदलतो, तसं काहीसं, फक्त वर्षांच्या गतीने. बसवल्यावर या बोल्टांच्या ओढचाचण्या झाल्या होत्या. १९९९ मध्ये काही बोल्ट सरकलेले दिसलेही होते. ते बदलले, पुन्हा ओढून पाहिले आणि काम पुढे गेलं. मूळ कारण शोधलं गेलं नाही.

या अपघातानंतर अमेरिकेत नियम बदलले. २०११ च्या काँक्रीटच्या नियमावलीत सतत ओढीखाली राहणाऱ्या रसायनवाल्या बोल्टांची ताकद ५५ टक्केच धरायची अशी कात्री लागली. शिवाय आडव्या किंवा वरच्या दिशेने असे बोल्ट बसवणाऱ्या कामगाराने परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलेलं असावं, अशी अट आली. भोक साफ करणाऱ्या हाताला परीक्षा लावली, हे मोठं शहाणपण होतं.

जपानमध्ये २ डिसेंबर २०१२ ला सासागो बोगद्यात जवळपास तसंच घडलं. १९७७ मध्ये वाहतुकीला खुल्या झालेल्या या बोगद्याच्या छताची पॅनेलं शंभराहून जास्त मीटर लांबीत कोसळली आणि नऊ जण गेले. तिथेही छत राळेने बसवलेल्या बोल्टांवर होतं. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तपासणी झाली होती, पण ती डोळ्यांनी. हातोडीने ठोकून आवाज ऐकण्याची तपासणी त्या भागात २००० नंतर झालीच नव्हती. मडकं घेताना आपण वाजवून घेतो; सोलापूरच्या कुंभार वेशीत कुणीही ते न सांगता करतो. बोल्टाचंही तसंच आहे, घट्ट बोल्ट टणकन वाजतो, ढिला बदबद. पुढे २०१४ पासून जपानने पूल आणि बोगदे दर पाच वर्षांनी अगदी जवळ जाऊन तपासणं सक्तीचं केलं.

महाराष्ट्राला याचा धडा वाऱ्याने दिला. १३ मे २०२४ ला धुळीच्या वादळात मुंबईच्या घाटकोपरमध्ये छेडानगरच्या पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं आणि १७ जण मृत्युमुखी पडले. परवानगीची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. तिथे प्रश्न बोल्टाचा नव्हता, सगळ्या पायाचा होता. पण जमिनीत रोवलेल्या पोलादाने वरच्या पसाऱ्याला धरून ठेवायचं, हे काम तेच. व्हीजेटीआय या मुंबईच्या अभियांत्रिकी संस्थेतल्या तज्ज्ञांच्या अहवालानुसार त्या पायाची कुवत ताशी ४९ किलोमीटर वाऱ्याची होती, हवी होती १५८ ची. वारा त्या दिवशी ८७ चा होता. या आकड्यांकडे नुसतं पाहिलं तर पाया तिपटीने कमी पडला असं वाटतं. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १५८ ला ४९ ने भागून वर्ग केला की येतात दहाहून जास्त. पाया हव्या त्या ताकदीच्या एक-दशांशही नव्हता. पुण्यात जुन्या बाजाराजवळ ५ ऑक्टोबर २०१८ ला होर्डिंगचा सांगाडा काढताना तो खालून कापला गेला आणि चौकात थांबलेल्या वाहनांवर पडला. चार जण गेले. पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात १७ एप्रिल २०२३ ला आणखी पाच.

सोलापूरकरांना उंच काठी तोलून धरण्याची कला परकी नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. कमरेच्या पट्ट्यात काठी रोवून एक जण तोल धरतो आणि भोवती दहा हात सावरायला तयार असतात. दुकानाच्या बोर्डाला असं कुणी नसतं. त्याच्या वाट्याला चार बोल्ट येतात.

शुक्रवार पेठेत आठ-दहा सळ्यांच्या कामासाठी जॅक मागवायला बहुतेक घरमालक तयार होत नाहीत, आणि त्यांचंही अगदीच चुकतं असं नाही. रीबारिंगवाल्याने दर सांगितलेला असतो तो सळईमागे; त्यात चाचणी धरलेली नसते, ब्रशही नसतो. तरी भोक मारून झालं की तिथे उभं राहून एक गोष्ट कुणालाही करता येते. खिशातला पांढरा रुमाल सळईच्या टोकाला गुंडाळायचा, भोकात घालून फिरवायचा आणि बाहेर काढून बघायचा. करडा निघाला तर मिस्त्रीला म्हणायचं, “मिस्त्री, अजून एकदा ब्रश मारा की.” मिस्त्री कुरकुरतो. पिशवी उपसतो. पक्कड निघते, ओळंबा निघतो, फुटकी रंगपेटी निघते. तारेचा ब्रश तळाशी असतो, कंपनीच्या प्लास्टिकच्या वेष्टनातच.